टाकी काठोकाठ

वाडी नाक्यावरचा झनकलाल मिस्त्री म्हणाला,
"टाकी फुल्ल ठेवजा, ताई.
रिकामी रायली का आतल्या आत पानी धरते."

भरली.
बॅटरी काढून जिन्याखाली,
जीप विटांवर,
सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबलं,
तुझाच बनियन, हाताला आला तो.

नागपूरचा मे. पत्र्याखाली तापलेल्या
रबराचा वास घरभर.
कूलरमध्ये पाणी ओतताना
एक मग टायरांवरही टाकते,
उगाच.

रविवारी जहाजावरून तुझा फोन,
"गाडी कशी आहे?"
"बरी आहे."
उंदरांनी वायर कुरतडली, ते नाही सांगत.

काल झाकण उघडून बोट बुडवलं.
अजून काठोकाठ.

रात्री पोळ्या लाटताना
हाताला डिझेलचा वास.
दोनदा धुतले होते.