चाळीस टक्क्यांच्या खाली

बर्नलीत धुकं आहे, म्हणजे काही नवीन नाही.
तळघरातल्या माझ्या खोलीत चौदा लॅपटॉप
फळीवर वह्यांसारखे उभे,
पाठीवर शाळेचा बारकोड, पोटावर पिवळी चिठ्ठी:
‘चालत नाही.’
‘फार हळू.’
‘मी काहीच केलं नाही, मिस.’

चौदावा नववीतल्या कोरा अ‍ॅशवर्थचा.
अपडेट सहाव्यांदा फसलेलं.
निळ्या पडद्यावर सभ्य मजकूर:
बदल मागे घेत आहोत, कृपया बंद करू नका.
त्याखाली: आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.
इथली प्रशासक मीच.
मी माझ्याशी संपर्क साधते,
म्हणजे चहा टाकते.

मग नेहमीचं. बंद करून चालू केला.
जागा बघितली, चिक्कार होती.
घड्याळ बरोबर. अर्धवट उतरलेल्या फायली
गटार उपसावं तशा उपसून काढल्या.
शाळेच्या वायरवर लावला,
तर वीस मिनिटांत शहाण्यासारखा झाला की पूर्ण!
गेल्या महिन्यातही असंच.
शाळेत ठणठणीत, घरी गेला की आजारी.

आबा इचलकरंजीत जॉबर होते.
माग अडला की कामगार धाग्याला शिव्या घालायचे,
आबा उठून मागच्या बाजूला जाऊन बसायचे, गप्प.
‘तुटतोय हितं,
पर बिघाड तिकडं हाय.’

मी नोंदी उघडल्या.

सोमवार, रात्री नऊ चार. फोनचं इंटरनेट, मोजून मिळणारं. डाउनलोड लांबणीवर.
मंगळवार, नऊ सोळा. बॅटरी बावीस टक्के. चाळीस हवी. रद्द.
बुधवार, नऊ एक्केचाळीस. सत्त्याऐंशी टक्क्यांवर झाकण मिटलं.
गुरुवार, पहाटे सव्वापाच. चार्जर लावला.
पाच छत्तीस. चार्जर काढला.

आणि वायफायची नावं, एकाखाली एक:
ऑगस्टपर्यंत ‘अ‍ॅशवर्थ वरचा मजला’.
मग एका हॉटेलचं, पाहुण्यांसाठीचं.
मग कुठलंच नाही, नुसता फोन.

यंत्राची नाडी बघायला गेले
आणि कुणाच्या तरी खोलीचं दार ढकललं गेलं.
खिडकी मिटली. पण वाचलेलं
पुसता येत नाही, त्याला कुठली कळ नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती आली, बाही दातात धरून.
‘मोडला का माझ्याकडून?’
नाही गं. त्याची वेळ चुकत होती.
‘चार्जर आहे की,’ ती म्हणाली,
‘पण सॉकेट एकच. तिथे बाळाच्या बाटलीचं मशीन असतं.
पहाटे मिळतं थोडा वेळ.’
हे सगळं तिने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

वर मिसेस पिकअपना फोन केला,
मुलांच्या घरचं बघतात त्या.
त्यांना ठाऊक होतं.
कौन्सिलच्या यादीत नाव आहे म्हणाल्या,
मग थोडं थांबून, यादी लांब आहे.

माझ्या हातात घर नाही.
माझ्या हातात अपडेटची वेळ आहे.
रात्री नऊची काढून दुपारी बारा वीस केली,
ग्रंथालयातल्या रेडिएटरजवळचं सॉकेट तिच्यासाठी राखलं,
जुन्या ड्रॉवरमधला चार्जर दिला
आणि तो रजिस्टरमध्ये चढवायला विसरले.
विसरायचं ठरवून विसरले.

नव्या वेळेसाठी नवा गट करावा लागतो,
गटाला नाव द्यावं लागतं.
‘आबा’ टाकलं. इथे कोण विचारतंय?
त्यात तेव्हा एकच लॅपटॉप होता.

नंतर मी बाकीच्यांच्याही नोंदी बघितल्या,
फक्त बॅटरी आणि वेळ, वायफायची नावं झाकून.
नाताळच्या सुट्टीआधी गट मोजला.
अकरा.