'परत' आणि 'ये' यांच्यामधे

तापकीर गल्लीत, जिना चढून वर,
चार्जर विकणाऱ्यांच्या डोक्यावर माझं दुकान.
मी अजून टेप दुरुस्त करतो.
पट्टे बदलतो, हेड स्पिरिटने पुसतो,
बुरशी धरलेली कॅसेट पेन्सिलीने गुंडाळतो.
लोक म्हणतात, अजून चालतं का हे?
चालतं म्हणजे, मी चालवतो.

ते गाणं आमच्याकडे बारा रुपयांच्या कॅसेटवर होतं.
खरी अठ्ठावीसला होती.
वडील खडकीला फॅक्टरीत, ओव्हरटाइम बंद,
म्हणून बाराची.
वेष्टनावर सिनेमातल्या बाईंचा फोटो
आणि आत दुमडलेल्या पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
स्वर – कु. विमल पायगुडे.
चाळीस व्हायोलिनांच्या जागी एक ॲकॉर्डियन,
त्याचाही भाता कुठेतरी फाटलेला.
दुसऱ्या कडव्याआधी लांबवर मालगाडीची शिट्टी,
जी मला बरीच वर्षं चालीचाच भाग वाटायची.
आणि 'परत' आणि 'ये' यांच्यामधे
एक श्वास.
चोरून घेतलेला, पण ऐकू येणारा,
जिना चढून आल्यावर
पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी घेतात तसा.

मूळ गाणं ऐकलं ते विसाव्या वर्षी,
लक्ष्मी रोडला, साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला, कर्ण्यावर.
मोठ्या बाईंचा आवाज. काय बोलणार.
रेशमाचा तागा सोडावा तसं 'परत ये',
एका दमात, कुठे गाठ नाही, कुठे शिवण नाही.
रस्त्यावरची माणसं थांबली.
मीही थांबलो, पण शिट्टीची वाट बघत.
ती आली नाही.
मला वाटलं,
छान म्हणतेय कुणीतरी,
पण हिला हे गाणं अजून नीट येत नाही.

परवा एक बाई आल्या. सत्तरीच्या,
हातात पतपेढीची कापडी पिशवी.
दारात उभं राहून एक श्वास घेतला,
मग म्हणाल्या, गाणं पेनड्राइव्हवर हवंय,
नातीची स्पर्धा आहे.
मूळ द्या बरं का. नकला फार झाल्यात.
मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.
पायगुडे का?
आता निम्हण, म्हणाल्या. तुम्हाला काय माहीत?

खणातून कॅसेट काढली. लावली.
ॲकॉर्डियन. शिट्टी.
बाई हसल्या.
रास्ता पेठेत खोली होती हो, खिडकी लागायची नाही.
एका दिवसात आठ गाणी. पस्तीस रुपये आणि मिसळ.
हे बघा, इथे, इथे दम तुटला माझा.
पुन्हा म्हणते म्हटलं, तर म्हणाले
टेप महाग आहे, बाई. कोण ऐकतंय.

कोण ऐकतंय.
आम्ही पाच जण. शेजारची भिंत.
आई अजून भाकरी थापताना 'परत' म्हणते,
पिठाचा हात तसाच वर धरते,
मग 'ये'.
मोठ्या बाई म्हणतात तेव्हा तो येणारच असतो,
इतक्या सुरात बोलावल्यावर कोण येणार नाही.
आमच्या गाण्यात
त्या अर्ध्या सेकंदापुरतं
कुणालाच माहीत नसतं.

हे मी बोललो नाही.
आमच्या गल्लीत असं कुणी बोलत नाही.
मी म्हटलं, दोन्ही टाकून देऊ?
दुसऱ्याचे किती?
त्याचे काही नाही.
मग नको, फुकटचं कुणी जपत नाही.
मी दहा रुपये लावले.
त्यांनी पाचाची दोन नाणी काचेवर ठेवली
आणि पावती मागितली.
दहा रुपयांची पावती!
काढलं पुस्तक, शोधला कार्बन.
नाव काय घालू?
पायगुडे लिहा, म्हणाल्या.
आणि आधी कुमारी.