कार्बनचा कागद

मानवतच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं
मी कापूस बघतोय.
मूठभर उचलायचा, अंगठ्यानं धागा ताणायचा
आणि सांगायचं, ओल किती, कवडी किती,
कुठल्या बोंडात अळी झोपली होती.
गाडीवाले माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात.

आणि बोंड्या, माझं कुत्रं,
महिनाभर माझ्यासमोर मान झटकत होतं.
रात्रभर कानांची फटफट.
मागच्या पायानं खाजवून खाजवून
कानामागं रगत काढलेलं.
मी म्हणलो, धूळ गेली असंल.
कानाडोळा म्हणतात तो हाच.

काट्यावरचा नागोराव म्हणला, दोन थेंब रॉकेल सोड.
सोडलं नाही.
त्यात शहाणपण नव्हतं,
रॉकेल कुठं मिळालं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात अर्शिया मॅडम.
गाभण म्हैस तपासून, कोपरापर्यंत हात धुऊन
त्यांनी बोंड्याचा कान उलटा केला.
आत चहाच्या गाळासारखा काळपट चोथा.
"काळा कागद आहे का?"
खिशात पावतीपुस्तकाचा कार्बन होता.
त्यावर मळ झटकला,
खिडकीपाशी नेऊन माझ्या हातात भिंग दिलं.

सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके.
चालत होते.
एकमेकांना ओलांडत, बाजाराच्या दिवशीसारखे,
माझ्या हिशेबाच्या कागदावरून.

मॅडम कान पुसत राहिल्या.
बोळा जाताना पांढरा, येताना विटकरी.
"ह्या मालाला काय भाव द्याल?"
मी काहीच बोललो नाही.

"घरी मांजर आहे?"
घरी नाही, कॅन्टीनमध्ये आहे.
दुपारी दोघं एकाच गठाणीवर झोपतात.
"मग तिलाही आणा. आणि खाज थांबली म्हणून
थेंब थांबवू नका. तीन आठवडे.
अंडी औषधाला भीत नाहीत,
ती फुटायची वाट बघावी लागते."

मांजरीनं माझा हात फाडला, ते सोडा.

आज एकविसावा दिवस.
थेंब सोडून कानाचं मूळ चोळतो,
आत चुळूक चुळूक वाजतं.
पहिल्या दिवशी दात दाखवणारा बोंड्या
आता डोकं माझ्या तळहातात टाकून देतो.
वजनाचा अंदाज मला कधी चुकत नाही,
इथं मात्र लागत नाही.

तो कार्बन मी जाळून टाकला होता.
त्या दिवशीच्या एका पावतीला म्हणून नक्कल नाही.
मालक म्हणले, कामून?
म्हणलो, कुत्र्याच्या कानाला लागला.
ते हसले.
मी पुढच्या गाडीकडं गेलो.