इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक एक नेहमी तोच असायचा:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
बत्तीस वर्षं मी तो लिहिला
कांदळे नगरपरिषदेच्या रेघी वहीत,
डावीकडे चार बोटं समास सोडून,
कारण हिराजी तरे आपल्या दुरुस्त्या
त्या समासातच कोंबायचे, आडव्या, उभ्या,
जागा संपली की टाचणीने चिठ्ठी लावून.

शेवटच्या सभेत एकच काम होतं:
विलीनीकरणाच्या अधिसूचनेची नोंद घेणे.
सूचक कोणी होईना.
खिडकीतून ओहोटी दिसत होती,
मिठागरांचे रिकामे कोंडे.
चहा आला. निवला. साय धरली.
मग तरेच उठले, म्हणाले,
लिहा बाई, सूचक मी.
अनुमोदक हा पंखा.

पंखा मी लिहिला नाही.

ट्रक आला मंगळवारी.
घरपट्टीची बाडं गेली,
सायकल-कराचे पितळी बिल्ले गेले गोणी भरून,
ज्यांच्या सायकली कधीच भंगारात गेलेल्या.
जन्ममृत्यूच्या वह्या जनू वैती शिपायाने
हौद्यात बसून मांडीवर नेल्या, खाली ठेवीना.
भोंगा तेवढा राहिला छपरावर.
यादीत त्याचं नावच नव्हतं.

आता आम्ही प्रभाग सत्तेचाळीस.
पाणी येतं, खोटं कशाला बोलू,
पहिल्यापेक्षा जोरात येतं.
फक्त पास्कोल डाबरे व्हॉल्वची चावी खांद्यावर टाकून
आळीतून ओरडत जात नाही,
भरा गो भरा, अर्धाच तास!
तक्रारीला चौदा आकडी नंबर मिळतो.
माझ्या टेबलापुढे एक स्टूल असायचं,
आलेली बाई आधी त्यावर दम खायची,
मग गटार सोडून सुनेबद्दल सांगायची.

इमारतीवर नवी पाटी रंगवलीय.
भिंतीने ओल धरली की जुनी अक्षरं वर येतात:
कां, मग ळे.
मधला द काही येत नाही.

पेन्शनच्या कागदासाठी मुख्यालयात गेले,
तिसरा मजला, खिडकी नऊ.
मुलीने संगणकात शोधलं, पुन्हा शोधलं,
म्हणाली, काकू, ही संस्था अस्तित्वात नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे.

जिना उतरताना लक्षात आलं,
त्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायला
पुढची सभा झालीच नाही.
नियमाने ते अजून कच्चं आहे.

तरे वारले. वही कुठल्या गोदामात, कोण जाणे.
पण समास मी सोडला होता,
नेहमीएवढाच.