गणंग

बेकरीवाल्यानं यंदा केकला नाहीच म्हटलं.
भट्टीपुढं अख्खं जालना उभंय, म्हणाला.
तेव्हा एस्तेरआत्यानं गुळाची ढेप बत्त्यानं फोडली.
"मक्याच्या लाह्यांचे लाडू करू.
भट्टी लागतीच कशाला नाताळाला?"

पातेल्यात मका तडतडू लागला.
झाकण दाबून धरलं योनानं,
आतून कुणी दार ठोठावतंय
तसा कान देऊन.

वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब. पसरला.
दुसराही पसरला.
तिसरा गोळी होऊन वाटीला टण्णकन वाजला
आणि सगळ्यांची एकच धांदल:
तुपाचे तळवे, हुळहुळणारी बोटं.
गार व्हायच्या आत वळायचं,
वळताना बोलायचं नाही, असं आत्या
सारखं बोलून सांगत होती.

दादा बियाण्यांच्या कंपनीत. उगवण तपासतात:
ओल्या कागदावर शंभर दाणे,
किती कोंबले, किती नाही.
पातेल्याच्या तळाचे गणंग त्यांनी ताटलीत ओढले,
बोटानं चार-चार सारत मोजले.
"एकोणीस नापास."

मी टाकून द्यायला ताटली उचलली.
"राहू दे," म्हणाले. "सुकले असतील आतून.
फुटायला दाण्यात थोडी ओल लागती.
नुसती आच देऊन नाही भागत."

आत्याचे हात थांबले.
शमुवेलकाकाचं नाव या घरात
तीन नाताळ कुणी काढलेलं नाही.
आत्ताही नाही काढलं.
तिनं फक्त स्टीलचा छोटा डबा पुसला,
सहा लाडू मोजून ठेवले, मग सातवा,
आणि झाकण लावता लावता विचारलं,
"परतूरची पहिली गाडी किती वाजता असती रे?"