काट्यावरची रात्रपाळी

डिसेंबरात कापसाच्या गाड्यांची रांग
जिनिंगच्या फाटकापासून थेट नाल्याच्या पुलापर्यंत जाते.
मी काट्याच्या खोलीत. स्टूल, रजिस्टर,
आणि निखाड्याच्या ठेल्यावरून आणलेले डबे.
निखाडे विचारतो, "आज कोणता देऊ मास्तर?"
जसं काही मी जावई आहे
आणि तो भाजी विचारतोय.

'झटका' वीस रुपयांचा.
पहिल्या घोटाला आठवतं,
लहानपणी आम्ही रेडिओचा चौकोनी सेल चाटायचो,
कुणाची जीभ किती टिकते ते पाहायला.
तेच हे. आंबट नाही, खारट नाही, नुसतं चावतं.
वीस मिनिटांत कान गरम,
पट्ट्यावरची सरकी एकेक मोजता येईल असं वाटतं.
आणि दीड वाजता
कुणी फ्यूज काढून न्यावा तसं सगळं बंद.

'लाल घोडा' महाग, पासष्ट.
खोकल्याच्या औषधात बोरं उकळल्यासारखा.
गोड इतका की आधी किडक्या दाढेला कळतो, मग मला.
घोडा कसला, भरली बंडी चढावर जावी तसा चढतो,
पण उतरायचं नावच नाही.
सकाळी आठला अंगणात बाजेवर पडलो
तर पापण्यांच्या आत काट्याचे लाल आकडे पळत होते
आणि छातीत जिनचा रोलर.
प्रणिता तूर सोंगायला निघाली होती.
"झोपा न आता," म्हणाली.
मी डोळे मिटून घेतले, तिच्यासाठी.

निळ्या डब्याचं नाव वाचता येत नाही,
अक्षरं विजेसारखी वाकडी छापली आहेत.
थंड असेतोवर लिंबू,
कोमट झाला की मुठीतल्या घामट चिल्लरीची चव.
त्यानं झोप जात नाही, नुसती घाई सुटते.
त्याच घाईत मागच्या हंगामात मी
सत्तेचाळीस क्विंटलचे चौऱ्याहत्तर लिहिले
आणि मालकाच्या आधी गाडीवालाच परत आला,
चिठ्ठी दोन बोटांत धरून:
"साहेब, एवढा कापूस माह्या अख्ख्या गावात नाई पिकत."

शफाकत ड्रायव्हर तिन्ही डबे
पाण्याच्या बाटलीत एकत्र करतो.
रंग होतो गढूळ, पोळ्यानंतरच्या नाल्यासारखा.
पितो, ढेकर देतो,
आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून घोरायला लागतो.
मागून हॉर्नचा कल्ला.
उठवला की शांतपणे सांगतो,
"मले तं हे पाळण्यावानी लागते, भाऊ."

पंचफुलाबाई फलाटावरची रुई झाडते.
भुवयांवर रुई, केसांत रुई,
तिचं खरं वय कुणालाच माहीत नाही.
जागायला तिच्याकडे खर्र्याची पुडी.
माझे वडीलही जागलीला खर्राच घेऊन जायचे,
मचाणावर, रानडुकरांच्या वाटेला बसून.
एका रात्री म्हणाली, "द्या तं, पाह्यतो कसं लागते."
तोंड वाकडं केलं.
"हे तं लेकराईच्या जंताचं औषध हाये."
मग आणखी एक घोट.
"पन थंडगार हाये बाप्पा."
आणि झाडू काखेत धरून
डबा घेऊनच गेली.

तीनच्या सुमारास कधी कधी रांग तुटते.
तेव्हा मी बाहेर येऊन काट्यावर उभा राहतो.
साठ टनांचा काटा, दहा किलोंच्या खाली त्याला काही दिसत नाही.
पाटीवर आकडा येतो: साठ.
तिथंच उभ्यानं अख्खा डबा रिकामा करतो.
साठ.
उतरतो, डबा एकटाच मधोमध ठेवतो.
शून्य.
पुन्हा चढून थोडा वेळ थांबतो,
हृदय एवढं धावतंय,
एखादा आकडा तरी हलायला पाहिजे.

पुलाकडून दोन दिवे वळतात.
कुणीतरी खिडकीतून ओरडतो,
"उतरा न बावा काट्यावरून,
गाडी घ्याची हाये."