डावीकडे पाहणं

एकोणीस वर्षं मी ओर्वोच्या मिठीत होते
आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.
भांडण नव्हतं. नियमच तसा:
तिनं आपल्या डावीकडे पाहायचं, त्यानं आपल्या.
बरगडीला बरगडी, माना मात्र
रुसलेल्या शेजारणींसारख्या दोन दिशांना.
माझ्या मानेत अजून तो कोन आहे.
फिजिओथेरपिस्ट म्हणते, आता तो तिथलाच.

वॉल्ट्झमध्ये लाटेसारखं चढायचं, उतरायचं.
टँगोत चढउतार नाही. गुडघे वाकलेले, पावलं मांजराची,
आणि मध्येच मान अशी झटकायची
की मागून कुणी नाव घेतलं.
स्लोफॉक्स सगळ्यांत अवघड, कारण त्यात काहीच घडत नाही
आणि ते न घडणं न अडखळता करायचं.

त्याच्या पाठीवर नंबर, चार सेफ्टी पिनांनी.
त्या मी लावायची. दातांत धरून, एकेक.

एकदा ओहायोला अमेरिकन पद्धतीची स्पर्धा पाहिली.
त्यांनी हात सोडले! भर वॉल्ट्झमध्ये.
ती गिरक्या घेत पार खांबापर्यंत गेली
आणि वेळेवर परत आली.
ओर्वो म्हणाला, हा काही नाच नव्हे.

दोन हिवाळ्यांनंतर त्यानं हात सोडला,
तांपेरेच्या बसस्टँडवर, कुठल्याच पद्धतीत न बसणारा.
तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं.
डोळे करडे होते.
मी निळे समजत होते.

आता शनिवारी तळ्याकाठच्या लाकडी मांडवात जाते.
रात्रीचे दहा, ऊन अजून बर्चच्या बुंध्यांवर.
बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या.
पहिल्यांदा गुरांचा बाजार वाटला.
कुणी विचारलं की दोन गाणी नाचायचं,
मग त्यानं जिथून नेलं तिथं आणून पोचवायचं, आभार मानायचे.
एवढंच. गुण कुणी देत नाही.

ताइस्तो लाकूडगिरणीतला.
डाव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेलेली.
माझा हात आधी ती शोधत राहिला,
मग उरलेल्यांवर भागवलं.

इथल्या टँगोत मान झटकत नाहीत.
छातीला छाती लावून चालतात नुसते,
शेवटची बस चुकलेल्या आणि
त्याचं फारसं दुःख नसलेल्या दोघांसारखे.
त्याची टाच आधी टेकते की चवडा, मी पाहिलं नाही.
खोटं. पाहिलं. चवडा.
चूक.

मी सवयीनं ताठ, डावीकडे.
तर म्हणाला, "तिकडे कोणी आहे का?"
मी मान वळवली. दुखली.

दुसऱ्या गाण्यात, ऐन रंगात,
डास बसला म्हणून त्यानं हात सोडला,
स्वतःच्याच कानाखाली एक वाजवली
आणि हात परत दिला,
होता तसा,
तीन बोटांचा.